आधी वजनकाट्यावर, मग टायरच्या दुकानात

अमळनेरच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. बरंच लांब आहे, पण अक्षर फळ्यावरचं, त्यामुळे वाचायला त्रास नाही. कामापुरता भाग देतो.

"आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक, दोघंही निवृत्त. 2011 सालची टाटा विंगर घेतली. आधी ती शाळेच्या पोरांची ने-आण करायची. सीटा काढून आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, मागच्या दाराशी शंभर लिटरची पाण्याची टाकी, पलंगाखाली दीडशे अँपिअरच्या दोन बॅटऱ्या आणि टपावर दोन सोलर पॅनल, हे सगळं गावातल्याच सुताराकडून आणि वायरमनकडून करून घेतलं. डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा, तिथून तोरणमाळ, मग पाटणादेवी असा बेत आहे. गाडीला सध्या 195 आर 15 चे टायर आहेत. भाचा म्हणतो, मामा, एवढ्या धिप्पाड गाडीला काडीपहिलवानाचे पाय दिसतात, 235/75 आर 15 टाका, जीपसारखी उभी राहील. टायरवाला म्हणतो, ते महाग वाटत असतील तर बोलेरोचे 215/75 टाका आणि सोबत अलॉय घ्या. आमच्या बाई म्हणतात, आहेत त्या टायरांची नक्षी अजून खोल आहे, कशाला खर्च? टायरवर शेवटी 2316 असा आकडा आहे. हवा किती ठेवायची तेही जो तो वेगळंच सांगतो. आमच्या वयाला रस्त्यात उभं राहणं झेपणार नाही. काय करावं?"

सर, भाच्याचं ऐकू नका, टायरवाल्याचं तर अजिबात नको, आणि या एका बाबतीत बाईंचंही नको. माप आहे तेच ठेवा, 195 आर 15. टायर मात्र पाचही बदला. का ते सांगतो. पण त्याआधी एक काम करा, ते केल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. गाडी वजनकाट्यावर न्या.

आपल्याकडे काट्यांना तोटा नाही. रावेर-सावद्याकडे केळीचे ट्रक तोलतात, चोपडा-धरणगावकडे जिनिंगवाले कापूस तोलतात, तुमच्या अमळनेरलाही मार्केट यार्डाच्या आसपास एखादा सापडेल. जाताना गाडी प्रवासाला निघाल्यासारखी भरा. टाकी पाण्याने पूर्ण, डिझेल फुल, सिलिंडर, अंथरूण-पांघरूण, कळण्याच्या पिठाचा डबा, आणि तुम्ही दोघं आपापल्या जागेवर. रिकामी गाडी तोलून काही कळत नाही. आधी अख्खी गाडी काट्यावर घ्या. मग पुढची चाकं खाली उतरवून फक्त मागची काट्यावर ठेवा, तो झाला मागच्या एक्सलचा भार. तो एकूणातून वजा केला की पुढचा. काट्यावरचा माणूस चांगला असला आणि बाजूची जमीन काट्याच्या पातळीला असली, तर गाडीची एकच बाजू काट्यावर घेऊन डावं-उजवंही बघून घ्या. ट्रकच्या काट्यावर दहा-वीस किलो इकडचे तिकडे होतील, आपल्या कामाला तेवढं चालतं.

हे एवढं लावून का धरतोय? कारण तुमच्या पत्रातली यादी मी कागदावर मांडली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. दीडशे अँपिअरची ट्यूब्युलर बॅटरी ॲसिडसकट पन्नास-साठ किलोची, म्हणजे दोन मिळून शंभराच्या पुढे. अठरा मिलीमीटर प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट साधारण पस्तीस किलो भरते, आणि पलंग-ओटा-कपाटं करताना सुतार चार-पाच शीटा सहज उडवतो. घरगुती सिलिंडर भरलेला तीस किलोच्या आसपास. टपावरचे पॅनल नि त्यांचं लोखंड वेगळंच. सीटा काढल्या त्याचं वजन कमी झालं हे खरं, पण पोरं सकाळी चढून दुपारी उतरत होती. तुमचं सामान उतरत नाही. शाळेच्या गाडीला रोज सुटी मिळायची, कॅम्परला दिवाळीतही मिळत नाही.

आणि हे सगळं कुठे बसवलंय? मागे. यात एक गोम आहे. विंगर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. 2007 साली ती आली तेव्हा रेनॉच्या जुन्या ट्रॅफिक व्हॅनच्या घाटणीवर बेतलेली होती, त्यामुळे इंजिनाचा जोर पुढच्या दोन चाकांवर. मागच्या एक्सलच्याही मागे, दाराशी, टाकी ठेवली की ती तराजूच्या पारड्यासारखी वागते. समजा दोन्ही एक्सलमधलं अंतर 3.2 मीटर आहे आणि टाकी मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे आहे. तर शंभर किलो पाण्याने मागे शंभर नाही, एकशे तीस किलो वाढतात आणि पुढचे तीस किलो उचलले जातात. म्हणजे ओढायचं ज्या चाकांनी तीच हलकी झाली. तोरणमाळचा सातपायरी घाट चढताना, तोही सकाळी दवाने रस्ता ओला असताना, पुढचं चाक फिरत राहील आणि गाडी जागेवर. तेव्हा भाच्याला वाटेल टायर बारीक आहे म्हणून. टायर बारीक नाही, टाकी चुकीच्या जागी आहे. शक्य असेल तर सुताराला सांगून ती पुढच्या सीटांच्या पाठीमागे आणा. तेवढ्याने निम्मा प्रश्न सुटेल, आणि त्याला टायरइतका खर्चही नाही.

आता तुमच्या टायरवरच्या आकड्यांकडे या. 195 ही रुंदी, मिलीमीटरमध्ये. 15 हा डिस्कचा, म्हणजे टायर ज्या चाकावर चढतं त्याचा व्यास, इंचात. मधे उंचीचा आकडा नाही, कारण जुन्या पद्धतीच्या मापात टायरची उंची रुंदीच्या साधारण 80-82 टक्के धरलेली असते. त्यापुढे, टायर योग्य असेल तर, बारीक अक्षरात 106/104 असं काहीतरी दिसेल आणि आजूबाजूला 8 पीआर (म्हणजे आठ प्लायची ताकद) किंवा सी किंवा एलटी (म्हणजे मालवाहू, हलक्या ट्रकच्या जातीचं). सगळा जीव त्या 106 मध्ये आहे. ते किलो नाहीत, ती तक्त्यातली खूण आहे. 106 म्हणजे एकेरी चाकाला 950 किलो, 104 म्हणजे जोडचाकात प्रत्येकी 900. तुमची चाकं मागेही एकेरी, म्हणून आपल्याला 950 बघायचे.

बोलेरोच्या 215/75 आर 15 वर बहुतेक वेळा 100 लिहिलेलं असतं. 100 म्हणजे 800 किलो. टायर दिसायला रुंद, भार उचलायला कमी. काट्यावर तुमचा मागचा एक्सल समजा 1640 किलो भरला, तर एका चाकावर 820 आले. बोलेरोचं टायर तिथेच संपलं, तेही दोन्ही बाजू सारख्या असतील तर. तुमच्या बॅटऱ्या दोन्ही डाव्या बाजूला असतील, वरून ओटाही त्याच बाजूला, तर डावं चाक 880 वर जाऊन बसलं असेल. 106 च्या टायरला अजूनही सत्तर किलोची मोकळीक राहते. टायरवाल्याने हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही त्याला वजन विचारलं नाही आणि त्याने तुम्हाला.

भाच्याच्या 235/75 वर 105 सापडतो, म्हणजे 925 किलो. ऐकायला बरोबरीचं वाटतं. पण ते टायर जीप-मोटारीच्या जातीचं, पस्तीस-छत्तीस पौंड हवेवर चालायचं, बाजूची भिंत मऊ. उंच व्हॅन वळणावर झुकते तेव्हा तो भार त्या भिंतीवर येतो. अमेरिकेत मोटारीचं टायर व्हॅनला किंवा हलक्या ट्रकला लावलं तर त्याची क्षमता 1.1 ने भागून धरायची पद्धत आहे. त्या हिशोबाने 925 चे 840 उरतात. आता सांगा, जास्तीचे पैसे मोजून काय कमावलं?

व्यासाचं गणितही करून दाखवतो, तुम्ही गणिताचे असाल-नसाल. 235 च्या 75 टक्के 176, वर-खाली मिळून 352, अधिक पंधरा इंचाचे 381, झाले 733 मिलीमीटर. तुमचं सध्याचं टायर 693 च्या आसपास. चाळीस मिलीमीटरचा, म्हणजे पावणेसहा टक्क्यांचा फरक. त्यातला निम्मा, दोन सेंटिमीटर, गाडी उचलण्यात जातो आणि उरलेला निम्मा मडगार्डच्या आत घुसतो. गाडी भरलेली, स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं, पुढ्यात स्पीडब्रेकर, की घासलंच. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 84-85 ने पळत असेल. आणि घाटात? मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर थोडा लांब झाला. आधीच जुनं इंजिन, वर भरलेलं घर, आणि तुम्ही त्याला पहिल्याच गिअरमध्ये अडकवून ठेवणार. शिवाय 235 ला डिस्कही रुंद लागते, किमान सहा इंच. 195 ला पाच ते सहाची चालते. तुमच्या डिस्कवर 5.5 जे, म्हणजे साडेपाच इंच रुंदी, असं काहीसं कोरलेलं असेल तर 235 त्यावर फुगलेल्या पुरीसारखं बसेल, मधली नक्षी झिजेल आणि कडा कोऱ्या राहतील.

सोळा इंची घ्यायचीच हौस असेल तर 195/75 आर 16 सी हे माप व्यासाला जवळपास जुळतं, 699 मिलीमीटर, आणि त्यावर 107 असतो, म्हणजे 975 किलो. कागदावर उत्तम. पण डिस्क पाचही नव्या, आणि धडगाव-मोलगीच्या रस्त्यावर टायर कापलं गेलं तर बदली टायर मिळेपर्यंत तुमचा मुक्काम तिथेच. पंधरा इंची एलटी टायर शाळेच्या गाड्यांना, रुग्णवाहिकांना, मालवाहू टेम्पोंना लागतात, म्हणून तालुक्याच्या गावी सापडतात. मी तुमच्या जागी असतो तर यावर अर्धा मिनिटही घालवला नसता.

इथे माझीच फजिती सांगतो, म्हणजे मी वजनावर एवढा का अडून बसतो ते कळेल. नव्वदीच्या दशकात माझ्याकडे मॅटाडोर होती. मे महिना, भाचीचं लग्न शिरपूरला, आणि रुखवताची भांडी सोनगीरहून घ्यायची ठरली. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी तुम्हाला सांगायला नकोत. हंडे, घागरी, परात, बंब, आणि वर आठ-नऊ वऱ्हाडी. त्याच आठवड्यात मी मागे स्वस्तातले दोन टायर टाकले होते, माप तेच, पण आठ प्लायच्या जागी चार प्लाय. दुकानदार म्हणाला, काही फरक पडत नाही. सोनगीर सोडलं, नरडाण्याच्या अलीकडे दुपारी दीडच्या सुमाराला मागून फटाका वाजल्यासारखा आवाज आला आणि गाडी डावीकडे बसली. कोणाला खरचटलंही नाही, ते दैव. उतरून पाहिलं तर नक्षी जशीच्या तशी नवी, नि बाजूची भिंत चिंधीसारखी फाटलेली. हात लावला तर चटका. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला पितळी हंड्यांची रांग लावून आम्ही बाभळीच्या सावलीत बसलो होतो. जॅक-पाना घेऊन आलेला धुळ्याचा म्हातारा मिस्त्री टायरकडे बघून एवढंच म्हणाला, "टायर मोठं शे भाऊ, पन वझं पेलाले जोयजे ना!" लग्नात भांड्यांपेक्षा माझ्या टायरचीच चर्चा जास्त झाली.

त्या टायरला उन्हाने मारलं नव्हतं. भार जास्त आणि हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकल्याने आतून तापते, तापली की रबर आणि आतला धागा एकमेकांना सोडतात. आपल्या मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा रस्ता त्यावर फक्त फोडणी घालतो.

बाईंच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, नक्षी खोल असेल. कायद्याने मोटारीला 1.6 मिलीमीटर नक्षी पुरते, तुमच्या टायरांना त्याच्या कितीतरी जास्त असणार. पण 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा, जूनचा पहिला पंधरवडा. टायर कंपन्याच सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही असो, काढून टाका. रोज चालणारं टायर तरी मळलं जातं, त्यातलं तेल रबरात फिरत राहतं. अंगणात उन्हात उभं असलेलं टायर एकाच बाजूने शेकतं. बाईंना एक करायला सांगा. टायरच्या भिंतीवर अंगठ्याने दाब द्या आणि नक्षीच्या तळाशी, खाचेत, भिंगाने बघा. केसाएवढ्या आडव्या भेगा दिसल्या की विषय संपला. पापडाला तडा जातो तशा दिसतात. स्टेपनीचा आकडा तर आवर्जून बघा. जुन्या गाड्यांत ती कंपनीतून आली तेव्हापासून न हललेली सापडते, आणि 2011 च्या गाडीला 2011 चं टायर लटकलेलं असलं तरी मला नवल वाटणार नाही.

म्हणून पाच टायर म्हणालो. पैशांची ओढ असेल तर आता चार घ्या आणि सध्याच्या चारांतलं सर्वांत बरं तेवढं स्टेपनीला ठेवा, तेही भेगा नसतील, दहा वर्षं भरली नसतील तर आणि वर्षभरापुरतंच. माप सगळ्यांचं एकच पाहिजे. पुढच्या दोन चाकांत उंचीचा फरक पडला तर वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या बिचाऱ्या डिफरन्शिअलला सरळ रस्त्यावरही वळणासारखं काम करावं लागतं. नवे घेताना दुकानात उभं राहून चार गोष्टी बघा. 195 आर 15, त्यापुढे 106 किंवा जास्त, 8 पीआर, आणि तारखेचा आकडा सहा-आठ महिन्यांच्या आतला. दुकानदार "साहेब, हेही तेच आहे" म्हणाला तर 106 वर बोट ठेवायला सांगा. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले टायर कितीही स्वस्त मिळोत, या गाडीला नको.

अलॉयचं थोडक्यात. होल पाचच आहेत म्हणून कुठलंही अलॉय बसत नाही. शेजारशेजारच्या दोन होलांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा, त्याला 1.7 ने गुणा, की होलांच्या वर्तुळाचा व्यास निघतो. तो तंतोतंत जुळला पाहिजे, मधलं भोक जुळलं पाहिजे, आणि चाक आत-बाहेर किती बसतं ते ईटीचं मापही. चाक दोन-तीन सेंटिमीटर बाहेर आलं की गाडी ऐटदार दिसते आणि बेअरिंग वर्षभरात ओरडायला लागतं. नटही वेगळे लागतात, सपाट बुडाचे की निमुळते ते बघावं लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अलॉयच्या पाठीमागे त्याचा भार कोरलेला असतो. मोटारीच्या अलॉयवर सहाशे-सातशे किलो असा आकडा दिसेल. तुम्ही 950 किलोचं टायर आणून 690 किलोच्या चाकावर चढवणार असाल तर साखळीची कडी तिथेच तुटेल. लोखंडी डिस्क खड्ड्यात वाकली तर शहाद्याचा पंक्चरवाला हातोड्याने ठोकून गावापर्यंत आणून सोडेल. अलॉयला तडा गेला तर तो हात जोडेल. म्हणून लोखंडीच राहू द्या. तारेच्या ब्रशने कडेचा गंज काढून रंग मारून घ्या, टायर जिथे टेकतं तिथे तर नक्कीच. ट्यूबलेस टायरची हवा रोज दोन-तीन पौंड उतरते ती बहुतेक वेळा त्या गंजातूनच.

कायद्याचंही कानावर घालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये निकाल दिला की कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा फेरफार गाडीत चालणार नाही. टायर-डिस्कचं माप मूळचं ठेवलं की त्या बाजूने कोणी बोट दाखवू शकत नाही. पण सर, तुम्ही सीटा काढून घर केलंय, ते आरसीवर चढवलंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. चढवलं नसेल तर सारंगखेड्याच्या आधी आरटीओत जाऊन विचारा. अपघात झाला तर विमावाले पहिलं तेच काढतील.

आता हवा. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण टायर निवडायला तुम्ही एक दिवस घालवाल, हवेशी मात्र दर आठवड्याला गाठ पडेल.

कंपनीने गाडीच्या पुस्तकात किंवा प्लेटवर दिलेला आकडा पहिला. आपला हिशोब त्याची पडताळणी म्हणून. 195 आर 15 च्या आठ प्लाय टायरला 950 किलो हे 65 पौंड हवेवर पेलतात, तसं टायरवर लिहिलेलंही असतं. भार कमी असेल तर हवा त्याच प्रमाणात कमी धरायला हरकत नाही, हा हिशोब थोडा सुरक्षित बाजूलाच पडतो. मघाचंच उदाहरण घ्या. मागे एका चाकावर 820 आले तर 65 ला 820 ने गुणून 950 ने भागा, 56 पौंड. पुढे समजा 600 आले तर 41. बघा, पुढे-मागे पंधरा पौंडांचा फरक पडला. "चारीला पन्नास मारा" म्हणणारा हवावाला पुढे गाडी उडवेल आणि मागे टायर तापवेल. डाव्या-उजव्यात फरक निघाला तर जड चाकाचा आकडा दोन्हीकडे ठेवा. कंपनीचा आकडा याहून जास्त असेल तर कंपनीचा.

हवा बघायची ती थंड टायरमध्ये, पहाटे, गाडी हलवायच्या आधी. आपल्याकडचं हवामान या बाबतीत फसवं. डिसेंबरात जळगाव-धुळ्याला पहाटे दहा-बारा अंश, मे महिन्यात दुपारी बेचाळीस-चव्वेचाळीस. बारा अंशांत भरलेले 50 पौंड बेचाळीस अंशांना नुसते उभ्या उभ्या 57 होतात. चालून तापलं की आणखी. ते बघून घाबरून हवा काढू नका. काढली तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर उपाशी. उलटही होतं. अमळनेरला दुपारी तीस अंशांत 50 भरून तुम्ही तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी मुक्काम केलात आणि पहाटे पारा आठावर आला, तर टायरमध्ये पंचेचाळीसच राहिलेत. म्हणून स्वतःचा हवेचा मीटर आणि सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप गाडीत असू द्या. पंप घेताना तो साठ पौंडांच्या वर जातो का ते दुकानातच चालवून बघा, मोटारीसाठीचे बरेच पंप पस्तीसनंतर धापा टाकतात.

व्हॉल्व्हकडेही लक्ष द्या. रबराचे साधे, दाबून बसवायचे व्हॉल्व्ह 65 पौंडांपर्यंतचेच असतात, आणि तापल्यावर तुमचा आकडा तिथे पोचणार. नवे टायर चढवताना धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह घालून घ्या. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मागितले तर हसून नाही म्हणा. साध्या हवेत तो 78 टक्के फुकटच येतो.

हिशोबाने काढलेली हवा बरोबर आहे का हे तपासायला तुमच्याच पेशातलं साधन आहे. खडू घ्या. गाडी भरलेली असताना टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड आडवी रेघ ओढा, चारी चाकांना. मग सपाट डांबरी रस्त्यावर सरळ शंभर-दीडशे पावलं गाडी चालवा, स्टेअरिंग न वळवता. उतरून बघा. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली असेल तर हवा बरोबर. मधेच पुसली आणि कडांना पांढरी राहिली तर हवा जास्त. कडा पुसल्या आणि मधे खडू राहिला तर कमी. एकाच कडेला राहिली तर अलाइनमेंट बिघडलंय, हवेचा दोष नाही. फक्त खडूने "जास्त" म्हटलं तरी कंपनीच्या आकड्याच्या खाली उतरू नका.

आणि पहिल्या प्रवासात वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबा. तुमच्या वाटेवर चोपडा किंवा शिरपूरच्या आधी चहाची टपरी येईलच. चारी टायरांच्या भिंतीला तळहात लावा. सगळी सारखी कोमट असतील तर चहा घ्या. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथे हवा कमी आहे, नाहीतर भार जास्त, नाहीतर ब्रेक धरून राहिलाय. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका.

सारंगखेड्याला तापीच्या काठावर घोड्यांच्या गर्दीत गाडी लावताना तेवढं बघा की जागा काळ्या मातीची नाही. दव पडून पहाटे ती माती ओली झाली की पुढच्या चाकांची व्हॅन, कितीही नवे टायर असोत, जागेवरच कुदळ मारत बसते. मुरुमावर किंवा वाळल्या गवतावर लावा आणि तोंड रस्त्याकडे करून लावा. दोन तुकडे जुन्या गोणपाटाचे जवळ असू द्या, चाकाखाली घालायला.

टाकी पुढे हलवलीत तर त्यानंतर पुन्हा एकदा काट्यावर जा. पहिल्या पावतीचे आकडे मग उपयोगाचे राहत नाहीत. दोन्ही पावत्या मला पाठवा. पुढे-मागे किती फरक पडला ते बघायची मलाही उत्सुकता आहे.